तीन शेपट्या

तीन मिनिटं. घड्याळ लावून.
टाचेने तळाचे गोटे ढवळायचे,
जाळी खालच्या अंगाला धरायची,
जे सुटेल ते तिच्यात येतं.
मग एक मिनिट दगड हाताने उलटायचे
आणि होते तसे पुन्हा ठेवायचे.
हे ठेवणं पुस्तिकेत नाही. ते माझं.

नांट अ वेर्न. वेर्न म्हणजे आल्डरची झाडं,
पण आल्डर आता पुलापाशीच, सात.
वर सगळा स्प्रूस, पट्टीने ओढल्यासारखा,
ज्याच्याखाली दुपारी दोनला दिवेलागण होते.

इद्वल पांढरा ट्रे मांडीवर घेऊन काठावर.
एक्याऐंशी वर्षांचा.
गुडघे पाण्यात चालत नाहीत, डोळे चालतात.

हे स्प्रूस त्याने लावलेत.
एकोणीस वर्षांचा होता; दिवसाला हजार रोपं,
कुदळीच्या एका घावात एक.
मजुरीचे शिलिंग अजून पाठ आहेत त्याला.
मग दूरच्या धुराड्यांतून धुक्यात जे आलं
ते सुयांनी गाळून धरलं,
पावसाने खाली उतरवलं,
आणि ओढ्याचा सामू पाचाच्याही खाली गेला.
आधी ट्राउट गेले. मग डिपर,
पाण्याखाली चालत जाणारा तो गुबगुबीत पक्षी.
त्या वर्षांत ओढा इतका नितळ होता
की लोक फोटो काढायला येत.
तळाचा दगडन्‌दगड दिसायचा.
दगडांवर काही नसायचं.

खोऱ्याने इद्वलला पाण्यात पाहिलं.
चॅपलमध्ये त्याच्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा असे.
माझे वडील पलीकडच्या बाकावर बसत
आणि मला मधे बसवत, आडोशासारखं.
खापर फोडायला डोकं हवं होतं.
खात्याचं डोकं लांब होतं, लंडनला,
याचं रोज सायकलवरून समोरून जायचं.

ट्रेमधलं पाणी स्थिरावतं.
आधी नुसता कचरा: सुया, सालीचा चुरा,
कुजून जाळी झालेलं एक पान.
मग कचऱ्यातला एक तुकडा चालू लागतो.
स्टोनफ्लायची अळी. ती असतेच,
आंबट पाण्यातही तग धरते, तिचं अप्रूप नाही.
वाळूच्या कणांचं घर अंगावर घेतलेल्या कॅडिस अळ्या, चार.
मी रकान्यात भरते.

इद्वल चमचा पुढे करतो.
बोलत नाही. चमचा थरथरतोय, तो हाताने,
की आत काही आहे म्हणून?
चपटं डोकं. शेपट्या मोज, म्हणतो.
एक. दोन.
तिसरी तुटलीय, किंवा चकाकीत गेली.
त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू येतो.
मी भिंग लावते. पोटाच्या दोन्ही कडांना
कल्ले, पिसांसारखे, लयीत हलताहेत.

मेफ्लाय, मी म्हणते. हेरिदच्या पुलाच्या वर
मी पाहिलेली पहिली.

एकाने श्रेणी बदलत नाही. 'मध्यम'च राहील.
हेही मी सांगते, कारण सांगायला हवं.
आणि पुढच्या शरदात कापणीची यंत्रं येणार,
काठच्या रांगा आधी पाडणार;
मग उजेड येईल, पण गाळही उतरेल,
आणि त्या वर्षीचा आकडा बहुधा खाली जाईल.
तो ऐकून घेतो. मान हलवत नाही.

मला वाटायचं, तो म्हणतो,
सावली म्हटली की ती चांगलीच असते.

मी उत्तर शोधते. सापडत नाही,
म्हणून तापमापक धुते.
तोवर तो ट्रे काठाला टेकवून
हळूहळू कलता करतो,
जसं झोपलेल्या मुलाखालचा हात काढावा.
आधी कॅडिस जातात. मग कचरा.
ती शेवटपर्यंत कोपऱ्याला चिकटून.
तो बोट बुडवून वाट बघतो.
बोटाला चिकटते. मग नसते.

सामू किती, तो विचारतो.
पाच पूर्णांक नऊ.
उठताना माझा खांदा धरतो,
आणि गाडीपाशी गेल्यावर
पुन्हा विचारतो.