खिशातला कांदा

मे महिन्यात नागपुरात मीटर वाचत हिंडायचं
तर एका खिशात पेन लागतो, दुसऱ्या खिशात कांदा.
ऊन लागू नये म्हणून.
खरं-खोटं कोणी तपासलेलं नाही.
वनमाला घालते, मी काढत नाही, एवढंच.

या आठवड्यात असे सहा कांदे जमले,
नंदनवन, सक्करदरा, मानेवाडा फिरून आलेले,
जरा मऊ पडलेले,
एकाच्या सालीवर निळ्या शाईचा ओघळ.
टोपलीत ते बाकीच्यांपासून वेगळे ठेवलेले,
ड्यूटीवरून आलेली माणसं
पाय धुवायच्या आधी दारात बसतात तसे.
फेकवत नव्हते, भाजीतही घालवत नव्हते.

पोरगी पुण्याहून फोनवर म्हणाली,
"बाबा, उभे चिरा. पातळ.
गॅस एकदम बारीक, अन् पाऊण तास हलवत राहा.
घाई केली तर तो नुसता तळलेला कांदा."

पाऊण तास!
आमच्या घरात कांद्याला इतका वेळ कोणी दिला नव्हता.
मोठ्या आचेवर लाल करायचा,
वाटणात मुरवायचा,
तर्री वर आली की त्याचं नावही काढायचं नाही.

जाड बुडाची कढई. तेल, थोडं लोणी, चिमूटभर मीठ.
काठोकाठ भरलेला ढीग
बघता बघता बसला,
पंगत उठल्यावर मांडव बसतो तसा.
मग बराच वेळ काहीच झालं नाही.
कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास येत होता,
मी उलथणं धरून उभा,
दुपारभर ज्यांच्या दारात उभा होतो
ते बिल पाहून काय बोलले ते आठवत.

आठ वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.
कूलर थांबला. सगळी गल्ली एकदम ऐकू येऊ लागली.
वरून हेडाऊ ओरडले,
"निखाडे भाऊ, तुमच्याच कंपनीनं नेली नं?"

गॅसची निळी फुलं तेवढी दिसत होती.
कांद्याचा रंग कुठला दिसायला?
मग कानाने पाहिलं. चरचर होती, तिची कुजबुज झाली.
मग नाकाने. आधी कच्चा, उग्र,
नंतर लग्नाच्या सभागृहामागे येतो तो,
आणि मग अचानक
अंगणात मोहाची फुलं वाळत पडल्यासारखा.
बुडाला धरलं की चमचाभर पाणी,
खरवडायचं, पुन्हा थांबायचं.
वनमाला दारात येऊन म्हणाली,
"काय गूळ टाकला का?"
"नाही."
"मग गोड काऊन येते वास?"
मला उत्तर माहीत नव्हतं.
शेवटी लिंबाचे चार थेंब पिळले.

गच्चीवर घेऊन गेलो. कठडा अजून तापलेला.
बेकरीचे टोस्ट, त्यावर टांगून घट्ट केलेलं दही,
त्यावर बोटांनी चाचपून कांदा.
हेडाऊंनी अंधारात चावलं. बराच वेळ बोलले नाहीत.
"जळला का हो?"
"थोडा असेल."
"मग अजून एक द्या."
त्यांची सून, शेजारची दोन पोरं,
तिसऱ्या मजल्यावरच्या पौनीकर बाई, ज्या कोणाकडचं खात नाहीत,
हात पुढे येत गेले, कोणाचा कुठला ते कळत नव्हतं.
सहा कांद्यांचा ऐवज मूठभर. तो संपला.

"आली!"
सगळे आपापल्या कूलरकडे पळाले.
उजेडात वनमालाने कढई पाहिली,
बुडाला काळपट, काकवीसारखं काही चिकटलेलं.
"हे खाल्लं आपण?" म्हणाली,
आणि टोस्टच्या तुकड्याने ते पुसून घेतलं.

सकाळी बगडगंजची यादी निघाली. पारा सेहेचाळीस.
तिने टोपलीत हात घातला,
एक कांदा उचलला, ठेवला, दुसरा उचलला.
जिना उतरताना खिसा चाचपून पाहिला.
रोजच्यापेक्षा जरा मोठा होता.