अर्धी मात्रा

रामबागेत, जिरावणाच्या गिरणीवर तुमची खोली.
वर्षभर मी भूप शिकले
आणि वर्षभर शिंकले.
तुम्ही म्हणायचात, शिंक आली तर येऊ दे,
पण समेवर.

गाणं मला आलं नाही, बाई.
आवाज माझा जिन्यापर्यंत जायचा
आणि तिथेच चपलांपाशी बसून राहायचा.
तुम्ही काही बोलला नाहीत.
मला तंबोऱ्यामागे बसवलंत,
पाच वर्षं.
‘ओरबाडू नकोस गं. बोट टेकव,
तारेला कळू दे तू आली आहेस,
मग सोड.’

आता सकाळी सातपासून मी लोकांचं रक्त काढते.
पलासियाच्या लॅबमध्ये, तिसरी खिडकी.
उपाशी पोटी आलेले, चिडलेले कापडवाले,
पोटुशी सून, सोबत सासूचे प्रश्न,
मूठ आवळून बसलेलं एखादं पोर.
शीर बोटाखालून निसटते.
मी तिच्यामागे धावत नाही.
बोट टेकवते, कळू देते.
आत विलंबित एकताल चालूच असतो,
दहा, अकरा, बारा,
आणि सुई समेवर.
‘दीदी, पता ही नहीं चला.’
मी कापूस दाबून धरते, हसते.
हा हात कुणाचा, ते कुठे लिहू?
रिपोर्टात तसा रकाना नसतो.

मग एका फेब्रुवारीत तुम्हीच आलात,
भाच्याच्या स्कूटरवरून, मफलर गुंडाळून.
फॉर्मवर कालिंदी रेटरेकर, वय एक्क्याऐंशी.
बाही वर केलीत.
तंबोरा काढून घेतल्यावर
गवसणी पडून राहते ना,
तसा हात.
शीर मिळेना. डावा पाहिला, उजवा पाहिला.
ज्या हातानं माझी बोटं तारेवर ठेवली
त्यालाच मी टोचणार होते.
तुम्ही डोळे मिटून मांडीवर
बोटांनी काहीतरी मोजत होतात.
सुई गेली.
तुम्ही एक डोळा उघडलात:
‘अर्धी मात्रा आधी आलीस.’

तंबोरा पुढे कुणी नेला, माहीत नाही.
मी मागितला नाही, घरात जागा नव्हती.
जवारीचा एक दोरा तेवढा आहे,
पाकिटात, बसच्या पासमागे.
वाण्याची पुडी बांधायलाही पुरणार नाही इतका.

पण बारानंतर आता मी जरा थांबते.
समोरच्याला कळत नाही इतकंच.
त्या थांबण्यात कधी कधी
गिरणीचा वास येतो.

परवा तर शिंकच आली.
सुई हातात होती, बाई.
समेपर्यंत धरून ठेवली.