प्रश्न तिसरा

उतारा पाच ओळींचा.
सखूने भाकऱ्या झाकून ठेवल्या.
चुलीतली लाकडे मागे ओढली.
दिवा बारीक केला.
बाहेर थंडी पडली होती.
तिने दार लोटले.

प्रश्न तिसरा : सखूने दार का लोटले?
उत्तरसूचीत : थंडी वाजू नये म्हणून. गुण एक.

अकरा वर्षं मी हा एक गुण वाटत आलेय
वडाळ्याच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून मिठागरं दिसतात, आणि मिठागरांपलीकडे
दरवर्षी उंच होत जाणारे कुणाचे तरी मनोरे.

साळसकरांचा विहान मिनिटाला चौऱ्याण्णव शब्द वाचतो.
घड्याळ लावून मोजलेत मी.
स्वल्पविरामालाही थांबत नाही,
रिकाम्या रस्त्यावरच्या शेवटच्या बससारखा.
विचारलं, सखू काय करतेय?
म्हणाला, बाई, परत वाचू?

दामिनी राठोड : एकतीस शब्द.
बोट ओळीखाली, ओठ हलतायत.
घरी गोरमाटी, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी;
प्रत्येक शब्दाला आधी विचारून घेते, तू कुठला?
तक्त्यात तिच्या नावापुढे लाल टिंब.

मंगळवारी म्हटलं, आज पुढे जायचंच नाही.
हाच उतारा. तिसऱ्यांदा.
अडखळाल तिथे खाली रेघ ओढा.
मुलं कंटाळली. कुणी पेन्सिलीला टोक काढत बसलं
पेन्सिल संपेपर्यंत.
दामिनीने ‘लोटले’खाली रेघ ओढली.
बाई, लोटले म्हणजे लावले?

हो म्हणणारच होते.
अकरा वर्षांचं ‘हो’, जिभेवर तयार.
उठ, म्हटलं, दार लाव बघू.
तिने ढकललं. फळी चौकटीला टेकली,
बोटभर फट राहिली.
आमच्या वर्गाला कडी नाही,
निवडणुकीच्या पेट्या इथे ठेवल्या तेव्हापासून.
लागत नाही बाई, ती म्हणाली, नुसतं लोटलं जातं.

मग वर्ग जागा झाला.
— कडी नाही घातली तिने!
— दिवा पण विझवला नाही. बारीक केलाय.
— भाकऱ्या, बाई. भाकरी नाही. एकटीला कशाला एवढ्या?
— निखारे ठेवलेत, कालवण गरम करायला.
कालवण कुठंय उताऱ्यात? दाखव.
जैनबने बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर.
— नाहीये. खोडते.

दामिनी अजून दाराशीच.
कुणीतरी यायचंय, ती फटीकडे बघत बोलली.
आमच्याकडे पण असंच.
पप्पा रात्रीच्या काँक्रीटला जातात,
कडी घातली तर त्यांना हाक मारावी लागते
आणि बाळ उठतं.

पुस्तिकेत तिने लिहिलं : कोनतरी येनार आहे म्हनून.
तिन्ही ‘ण’ घसरलेले.
सूचीप्रमाणे शून्य.
शुक्रवारपर्यंत ऑनलाइन भरायचंय, स्तर एक, दोन की तीन,
आणि शेऱ्याचा रकाना इतका अरुंद
की ‘समाधानकारक’सुद्धा त्यात मधेच मोडतं.
मी एक गुण दिला. केंद्रप्रमुख विचारतील तेव्हा विचारतील.
विहानलाही एक. सूचीतलं वाक्य जसंच्या तसं, अक्षर सुंदर.
तिथे मात्र पेन जरा रेंगाळलं.
त्याला कुणी कधी दाराशी उभं केलं होतं?
मी तर नाहीच.

घंटा झाली. दप्तर खांद्यावर टाकता टाकता दामिनी :
मग बाई, आलं का कुणी?
पान उलटलं.
प्रश्न चौथा : लिंग बदला. मोर, बोका, सुतार.
माहीत नाही गं, म्हटलं.
तिला ते पटलं नाही. मोठ्या माणसांना असं माहीत नसतं?

सगळे गेले. पाण्याची बाटली विसरलेला विहान
तेवढा परत आला, निघाला.
जाताना सांगायला तोंड उघडलं, विहान, दार —
आणि शब्द निवडत थांबले.
तोही थांबला, उंबऱ्यावर, पहिल्यांदाच.