सदतीस नंबरचा पाइप

कुडचड्याच्या बाहेर, सांग्याच्या वाटेवर,
जिथं पूर्वी खनिजाचे ट्रक वजनाला थांबायचे
त्या लाल मैदानात आता पाइप पडलेत.
मी पाइप तपासते.
पगार कंपनीचा, शिक्का माझ्या नावाचा.

पहिली रास बारीक नळांची.
पत्र्याच्या दोन कडा विजेनं लालबुंद करून
एकमेकींवर दाबलेल्या, बस्स.
धागा नाही, भर नाही.
नेवरीची कड चिमटतात तशी.
(आईची नेवरी तेलात कधी फुटली नाही.
माझी फुटते.)
आत बोट घातलं की खरवडलेली रेघ लागते,
कधी लागतच नाही.
तेव्हा मला जास्त भीती वाटते.

दुसरी रास जाड.
अख्खी प्लेट वाकवून आधी पन्हळ, मग पन्हळीचा नळ,
आणि एकच सरळ शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आतून एकदा, बाहेरून एकदा,
दाणेदार भुकटीच्या ढिगाखाली झाकून जाळलेली.
तो उजेड कुणी पाहिलेलाच नाही.
"पळय बाय, हा कणा,"
कायतान मिस्तर तिच्यावरून अंगठा फिरवतो.
वास्कोच्या गोदीत तीस वर्षं त्यानं बार्जांची बुडं जोडली.
एक डोळा आता दुधाळ.

तिसरी रास वळणाची.
मुरगळलेल्या पायाला पट्टी गुंडाळावी
तसं पोलाद तिरपं गुंडाळत नेलेलं,
शिवण फिरत फिरत नळापेक्षा लांब झालेली.
लांब शिवण म्हणजे चुकायला जास्त जागा,
असं मी पाठ केलं होतं.
"खरं," कायतान म्हणाला,
"पण पाणी फाडतं तेव्हा नळ उभा फाडतं.
तिरकी शिवण सगळा जोर एकदम अंगावर घेत नाही.
आमच्या पिएदादीसारखी."
पुढं काही बोलला नाही.
पिएदाद त्याची बायको. होती.

या राशीतले छत्तीस पास झाले.
सदतीसच्या तोंडाला लुगडं लावलेलं.

आत एक टोपली, दोन ताटल्या,
साबणाच्या कागदात गुंडाळलेला आरसा,
आणि तळाच्या गोलाईत झोपलेलं बाळ.
"पाळणा लागत नाही," दुरगव्वा म्हणाली.
नवरा चर खणायला गेला होता,
जिथं हेच नळ पुरायचे तिथं.
"रात्री गार असतं, दुपारी तवा."
बाळ उचलून ती काजूच्या सावलीला गेली.
मी आत शिरले, शिवणीवर जेल फासलं,
यंत्र टेकवत वळणावळणानं सरकले.
तोंडापासून चार मीटरवर पडद्यावर रेघ उठली.
वरून गुळगुळीत. आत न जुळलेलं.

खडूनं गोल केला. बाहेर येऊन नंबराखाली फुली.

शिरवईकर कंत्राटदाराचा फोन आला,
"मॅडम, पाण्याची लाइन आहे, तेलाची नव्हे.
एकानं काय होतंय?"
मी म्हटलं, एकानंच होतं.

दुरगव्वानं फुली पाहिली.
"खराब निघालं?"
"हो."
"मग पुरणार नाहीत?"
"नाही. इथंच पडून राहील,
कंपनी परत नेईपर्यंत."
"कधी नेतील?"
मला माहीत नव्हतं. अशा कामांना वर्षं लागतात, तेही बोलले नाही.
तिनं बाळ पुन्हा गोलाईत ठेवलं
आणि लुगड्याची सुटलेली गाठ घट्ट केली.

संध्याकाळी कायताननं हातोडी उचलली,
त्याला अजून यंत्रापेक्षा कानाचा भरवसा.
मग आत पाहून हातोडी खाली ठेवली,
बोटानं टिचकी मारली.
काहीच कळलं नसणार. तरी मान हलवली.

मी आधी तीनदा मोजलं होतं.
रेघ तिन्ही वेळा होती, तिथंच, तेवढीच.
बाकीचे छत्तीस एकेकदाच मोजलेत.
ही गोष्ट अहवालाच्या
कुठल्या रकान्यात भरायची,
अजून ठरत नाही.