नटाबाहेर दोन आटे

मार्यूनच्या दुकानात शिरलं की आधी तेलाचा वास,
मग ओल्या लोकरीचा, मग तिचा प्रश्न: "मोडका आणलास का?"
नुसतं माप सांगणाऱ्याला ती काही देत नाही.
क्लाक्सविकच्या धक्क्यावरचे जुने कप्तानसुद्धा
खिशात वाकडं-तुटकं काहीतरी घेऊनच येतात.

मी आणला होता. रुमालात.
'तेर्नन'च्या विंचचा, बारा एमएमचा बोल्ट,
अर्धाच. उरलेला अर्धा
बेटाच्या उत्तरेला, सत्तर वाव पाण्यात.

"सगळ्यात कडक दे," म्हणालो, "बारा पॉइंट नऊ.
पैशाकडे बघू नकोस."
ती पैशाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही.
चष्मा कपाळावर सरकवून
बोल्टच्या तुटल्या तोंडाकडे बघत होती. बराच वेळ.
गल्ल्याखालच्या कुत्र्यानं दोनदा कूस बदलली.

"या रेषा बघ," ती म्हणाली.
"ओहोटीला वाळूवर राहतात ना, तशा.
एका झटक्यात तुटता तर तोंड सगळं खरबरीत असतं.
हा रोज थोडा तुटत होता.
ही एवढीशी कोर खरबरीत आहे, ती त्या दिवसाची.
बाकीचं सगळं आधीचं.
बोल्ट कच्चा नव्हता रे. सैल होता."

सैल.
मला एकदम हायनीचं तोंड दिसलं.
विंच त्यानं कसला होता, मार्चमध्ये, एकट्यानं,
आणि दोर उसळला तेव्हा मनगट गेलं माझ्या भावाचं.
दवाखान्याच्या दारातच मी त्याला म्हणालो होतो,
तुझे हात पाना धरायच्या लायकीचे नाहीत.
तो काही बोलला नाही. टोपी हातात फिरवत राहिला.

"तरी मी म्हणतच होतो," मी सुरू केलं.
मार्यूननं तळहात पुढे केला. "वॉशर?"

वॉशर दुसऱ्या खिशात होता, तंबाखूच्या पुडीशी.
पातळ, बशीसारखा दबलेला,
आणि खालच्या अंगाला चिकटून
निळ्या रंगाचं कडं, दुधावरच्या सायीएवढं जाड.
तिनं नखानं उचललं. अख्खं निघालं.

"कुणी दिला हा रंग?"

ओलाव्सोकाच्या जत्रेआधी, तीन हात, मीच.
बोट लांबून चमकली पाहिजे म्हणून.
आणि मार्चमध्ये हायनीनं विचारलं होतं,
बैठकीपुरता खरवडू का?
राहू दे, म्हणालो होतो मी. नवा रंग आहे.

"रंग हळूहळू दबतो," मार्यून म्हणाली,
"जेवढा दबला तेवढा बोल्ट मोकळा."
आणि पाठ फिरवून खण उघडायला लागली.

आठ पॉइंट आठ दिले, जस्ताचे. "कडक पोरं
समुद्रात आतून ठिसूळ होतात, सांगत नाहीत."
दहा एमएम जास्त लांबीचे. जाड, टणक वॉशर,
डोक्याखाली एक, नटाखाली एक.
स्प्रिंग वॉशर मागितला तर म्हणाली,
त्याला कॅलेंडर टांग.
"आधी लोखंड दिसेपर्यंत खरवड.
नटाबाहेर दोन आटे दिसू देत.
पाना मापाचा घे, ज्यावर आकडा वाचता येतो.
कसणार कोण?"

मी सुटे पैसे मोजत राहिलो.

हायनीचं घर चढावर आहे, गवताच्या छपराचं.
त्याच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं.
मेंढ्यांकडे गेलाय, म्हणाली, उशीर होईल.
आत ये म्हणाली नाही.

पायरीवर बसलोय.
पिशवीत आठ बोल्ट, सोळा वॉशर.
तो जुना वॉशर चाकूनं खरवडतोय उगाच,
नखांत निळं जातंय.
खाली धक्क्यावर 'तेर्नन' दिसते,
इतक्या लांबूनही चमकतेय.