अस्तर

दांडिया बाजारातलं आमचं घर, समोरून लाकडी,
वरच्या मजल्याला बावीस आडव्या फळ्या.
यासीनभाईने पहिल्या दिवशी ब्रश आणलाच नाही.
पत्रा आणला, आणि खरवडत बसला.
हिरवा निघाला, त्याखाली पिस्ता,
त्याखाली एक चॉकलेटी, कुणालाच न आठवणारा.
पोपडे मी झाडून गोणीत भरले,
शेजारच्या दिघ्यांची तुळस धुऊन दिली.

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर.
रेषेरेषेने घासा, म्हणाला,
आडवं घासलंत तर लाकूड डूख धरतं.

तिसऱ्या दिवशी मीच डबा उघडला.
त्याने फळीवर अंगठा दाबला:
"हजु भीनुं छे."
झाकण परत ठोकून बसवलं.
मग चहा. नुसतं बसणं.
लाकूड वाळायची वाट बघणं हेही मजुरीत धरलेलं.

तेव्हा दिसलं:
प्रत्येक फळीच्या डाव्या टोकाला
सुताराने टोच्याने कोरलेला गुजराती आकडा.
बारा, तेरा, सोळा, पंधरा, चौदा, सतरा.
इतकी वर्षं चुकीच्या जागी,
आणि एक थेंब आत आलेला नाही.

"बदलायच्या का?"
तो हसला. ब्रश बुडवला.
गुलाबी अस्तर.
चौदा नंबरने घटाघट प्यायलं,
दुसरा हात मागितला.

दोन दिवस घर तसंच गुलाबी.
हाच रंग ठेवणार? भाऊजींचा फोन.
शाळेतून येताना मी समोरच्या पानवाल्यापाशी
उगाच उभी राहायचे.

लांबी भरायला आला तेव्हा सांगितलं,
भेगा भर, यासीनभाई.
आकडे सोड.