वीस मिनिटं पुढे

आमच्या घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे असतात.
भिंतीवरचं, श्रीरंगच्या मनगटावरचं,
आणि अन्वयच्या शाळेच्या बसपायी
जुन्या लॅपटॉपच्या कोपऱ्यातलंसुद्धा.

लॅबमधल्या तस्नीम मॅडम म्हणाल्या,
एक्स-रे आता क्लाउडवर ठेवायचे,
तू हिशेबातली, तुला जमेल.
पाच पानं दिली, पिन तिरकी मारलेली.

पान एक: खातं उघडा.
कार्डातून दोन रुपये गेले आणि परत आले, नुसतेच.
आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत.

पान दोन: किल्ली.
चाळीस अक्षरं, मधेच एक तिरकी रेघ.
ही पुन्हा दाखवली जाणार नाही.
मी ती गॅसच्या पावतीमागे उतरवून घेतली
आणि पावती तांदळाच्या डब्यात.

पान तीन: प्रदेश निवडा.
ओहायो, आयर्लंड, टोकियो,
आणि त्यांच्यातच, काही विशेष नसल्यासारखं,
मुंबई.
म्हणजे ढग चांदिवलीला असणार.
तिथे श्रीरंग रात्रपाळीला असतो, चिलरवर,
दर तासाला पाण्याचा दाब वहीत लिहितो
(वीस मिनिटं आधीच).
त्या इमारतीला खिडक्या नाहीत, पाटीही नाही.
सात वर्षं आपण काय थंड करतोय
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

पान चार: विनंती पाठवा.
विनंती हा शब्द मला बरा वाटला.
सोसायटीत टँकरसाठी लिहितो तशीच:
कोण, काय हवं, कधी, खाली सही.
मागितलं काय, तर एक यंत्र, सगळ्यात छोटं, स्वस्तातलं.
उत्तर: चारशे तीन. नाही.
तांदूळ झटकून किल्ली पुन्हा वाचली.
हा ओ की शून्य, हा आय की एल.
पुन्हा चारशे तीन.
साडेबारा वाजले. म्हणजे बारा दहा.

तेव्हा लक्षात आलं.
नकाराच्या तळाशी एक ओळ होती:
तुमच्या आणि आमच्या वेळेत फार अंतर आहे.

कुणाला फसवायला नव्हतं केलं घड्याळ पुढे.
सासूबाईंच्या डायलिसिसची पाळी एकदा चुकली,
त्यानंतर केलं.
वीस मिनिटं गाठीला असली की
महिनाअखेरीस काही उरल्यासारखं वाटतं.
आणि हा कुठला दरवान,
खरी वेळ सांगितल्याशिवाय आत सोडत नाही.

काटा मागे घेतला.
पाठवली.
दोनशे.
महिरपी कंसात चार ओळी,
जेवायला बसवताना
पाटाभोवती काढावी तशी महिरप.

श्रीरंगला फोन लावला, काही आलं का रे तिकडे?
मागे घरघर. कुणीतरी खोकलं.
“काय येणार? इथं नुसतं गरम येतं.
आम्ही गार करून परत सोडतो.
तू झोपली नाहीस?”

पान पाच आधी वाचायला हवं होतं:
वापर झाला की बंद करा, मीटर पळत राहतो.
पावणेदोनला, खऱ्या पावणेदोनला,
मी ते यंत्र पुसून टाकलं.
बिचाऱ्यानं अजून काहीच केलं नव्हतं.

लॅपटॉपचं घड्याळ तसंच राहू दिलं.
भिंतीवरच्याला हात लावला नाही.
बस सातला येते.